जेमायमा मावशींच्या हातातली बंदूक

या विकांताचा विषय आहे एक पेटी. उंची साधारण एक फूट, रुंदी वीतभर आणि खोली चार बोटं. घरातल्या छोट्या देव्हाऱ्याएवढी म्हणा ना.

पेटीच्या आत मागच्या बाजूला एकाच हसऱ्या बाईचा चेहरा ओळीनं चिकटवलाय, वॉलपेपरसारखा. तिच्यापुढे एक जाडजूड काळी बाहुली उभी आहे. डोक्याला फडकं, लालभडक ओठ, बटबटीत डोळे, तोंडभर हसू. ही बाहुली मुळात स्वयंपाकघरात ठेवायचं एक स्टँड होतं. वाणसामानाची यादी लिहायला वही आणि पेन्सिल अडकवायची सोय असलेलं. वहीच्या जागी आता एक जुनं चित्र आहे: तशीच एक काळी दाई आणि तिच्या कडेवर एक उजळ रंगाचं मूल. चित्राच्या पुढे एक काळी मूठ उगारलेली. पायाशी कापूस पसरलेला. आणि बाहुलीच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बंदूक!

हे काम १९७२ सालचं. नाव ‘द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा’, म्हणजे जेमायमा मावशींची मुक्तता. करणाऱ्या बाई बेट्टी सार. (हो, आडनाव सारच. आमसुलाशी संबंध नाही :) ) ही पेटी आज कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रही नाही आणि शिल्पही नाही, अशा या प्रकाराला कलेच्या भाषेत ‘असेम्ब्लाज’ म्हणतात. मराठीत जुळणी म्हणू. चोर बाजारात मिळेल अशा सटरफटर वस्तू गोळा करायच्या आणि त्या अशा जोडायच्या, की त्यांनी मिळून काहीतरी वेगळंच बोलावं.

आता ही पेटी काय बोलते ते कळायचं तर आधी या मावशी कोण ते बघायला हवं.

मावशी कुणाच्या?

१८८९ साली मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवुड या दोघांनी पॅनकेकचं तयार पीठ बाजारात आणलं. आपल्या इन्स्टंट इडली-मिक्सचं पणजोबा समजा. मालाला नाव हवं होतं. त्या काळी ‘मिन्स्ट्रेल शो’ नावाचे खेळ भलतेच लोकप्रिय होते. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टवाळी करायचे आणि पब्लिक हसून लोळायचं. अशा खेळांमधल्या एका गाण्यातून ‘आंट जेमायमा’ हे नाव उचललं गेलं. पुढच्याच वर्षी धंदा आर. टी. डेव्हिस यांच्याकडे गेला आणि त्यांनी ठरवलं, की या नावाला एक जिवंत चेहरा द्यायचा.

तो चेहरा म्हणजे नॅन्सी ग्रीन. जन्म केंटकीतला, गुलामगिरीतला. पुढे त्या शिकागोत एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला होत्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात (होय, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले तेच) डेव्हिस यांच्या कंपनीने पिठाच्या भल्यामोठ्या पिंपाच्या आकाराचा स्टॉल उभारला. तिथे नॅन्सी ग्रीन पॅनकेक करून वाढायच्या आणि जुन्या मळ्यावरच्या गोड गोड आठवणी सांगायच्या. म्हणजे गुलामीत जन्मलेल्या बाईने गुलामीचे दिवस कसे मजेचे होते ते गोऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचं, आणि वर पॅनकेक वाढायचे. हे काम त्यांना वर्षानुवर्षं करावं लागलं. नंतर जाहिरातवाल्यांनी मावशींना एक खोटं चरित्रही लिहून दिलं. दक्षिणेतला मळा, दिलदार कर्नल मालक, आणि मावशींची गुप्त पाककृती. सगळं रचलेलं.

काळ लक्षात घ्या. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. मावशी आल्या १८८९ साली. म्हणजे दक्षिणेत काळ्यांचे हक्क एकेक करून काढून घेणारे कायदे जेव्हा होत होते, त्याच वेळी डब्यावर हसतमुख मोलकरीण आली. तिचं हसू गिऱ्हाइकाला सांगत होतं, की काही बिघडलेलं नाही, आम्ही खूश आहोत, तुम्ही निवांत नाश्ता करा.

आणि हे फक्त पिठापुरतं नव्हतं. या ठोकळेबाज बाईला अमेरिकेत ‘मॅमी’ म्हणतात. बरण्या, मीठदाण्या, घड्याळं, टॉवेल, पोस्टकार्डं, सगळीकडे ही मॅमी. १९२३ साली अमेरिकेच्या सिनेटने राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘इमानी मॅमी’चा पुतळा उभारायला मंजुरी दिली होती! त्याच सिनेटने काही महिन्यांपूर्वी, १९२२ च्या अखेरीस, काळ्यांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचं डायर विधेयक बोलबोल बोलून अडवून मारलं होतं. पुतळ्याविरुद्ध काळ्या नागरिकांनी आणि वर्तमानपत्रांनी एवढं रान उठवलं, की तो प्रस्ताव पुढच्या सभागृहात बारगळला. नॅन्सी ग्रीन त्याच १९२३ साली शिकागोत मोटार अंगावर येऊन वारल्या. त्यांना पुरलं ती जागा पुढे जवळजवळ शंभर वर्षं बिननावाची होती. डब्यावरच्या बाईला मात्र मरण नव्हतं. दुसऱ्या बायका ती भूमिका करत राहिल्या.

अजून एक गोष्ट, ‘आंट’ या शब्दाची. अमेरिकेच्या दक्षिणेत वयाने मोठ्या काळ्या बाईला ‘मिसेस अमुक’ म्हणायची पद्धत नव्हती, कारण तसं म्हटलं की ती बरोबरीची ठरते. म्हणून ‘आंट’. पुरुषाला ‘अंकल’. ऐकायला नातं आणि खरं तर आडनाव न उच्चारण्याची सोय.

आपल्या ‘मावशी’ शब्दाला खरी माया आहे, ते मान्य. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना अरेतुरे करण्यापेक्षा मावशी म्हणणं शंभर पटींनी बरं. पण एक प्रयोग करून बघा. मोबाईलची फोनबुक उघडा. सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव-आडनाव तिथे असेल. इलेक्ट्रिशियनचंही असेल कदाचित. मावशींचं काय आहे? नुसतं ‘मावशी’? की ‘मावशी पोळी’? इथे हा प्रश्न फक्त मांडून ठेवतो.

भंगारातून शिकलेली बाई

बेट्टी सार यांचा जन्म ३० जुलै १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. पाचेक वर्षांच्या असताना वडील गेले. बालपण बरंचसं पॅसाडिनात गेलं, पण आजी राहायची वॉट्स भागात. तिच्याकडे जाता-येता त्यांना एक विचित्र दृश्य दिसायचं. सायमन रोडिया नावाचा एक इटालियन मजूर आपल्या जागेत एकट्याने मनोरे बांधत होता. लोखंडी सळया, जाळी, सिमेंट आणि त्यात बसवलेल्या फुटक्या बशा, टाइल्सचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, शिंपले. १९२१ पासून १९५४ पर्यंत, तेहतीस वर्षं, तो माणूस हे करत होता. सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फुटांचा आहे. वॉट्स टॉवर्स आजही उभे आहेत. फेकलेल्या वस्तूंचं काय होऊ शकतं याचा पहिला धडा बेट्टीबाईंना तिथे मिळाला.

पदवी त्यांनी घेतली डिझाइनची, १९४९ साली, यूसीएलए मधून. मग लग्न, तीन मुली, दागिने आणि शुभेच्छापत्रं करणं, नंतर छपाईतंत्राचं शिक्षण. म्हणजे ‘थोर कलावंता’चं जे चरित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं तसं यात काहीच नाही. चाळिशी जवळ येईपर्यंत बाई घर सांभाळून जमेल तसं काम करत होत्या.

मग चार गोष्टी घडल्या. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स पेटलं. पोलिसांनी एका काळ्या तरुणाला अटक केली त्यावरून भडका उडाला आणि सहा दिवसांत ३४ माणसं मेली. नंतर नोआ प्युरीफॉय आणि साथीदारांनी त्या जळक्या ढिगाऱ्यातूनच वस्तू उचलून कलाकृती केल्या आणि १९६६ पासून त्यांचं प्रदर्शन मांडलं. दुसरी गोष्ट, १९६७ साली पॅसाडिनाच्या संग्रहालयात बेट्टीबाईंनी जोसेफ कॉर्नेलच्या पेट्या पाहिल्या. हा न्यूयॉर्कचा एक एकलकोंडा गृहस्थ. काचेच्या पेट्यांमध्ये नकाशे, पक्ष्यांची चित्रं, बाटल्या, चेंडू मांडून स्वप्नासारखी जगं करायचा. पेटी हे कॅनव्हासइतकंच भारी माध्यम असू शकतं हे तिथे कळलं. तिसरी गोष्ट, ४ एप्रिल १९६८, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. चौथी, १९७० साली शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पाहिलेल्या आफ्रिकेतल्या पूजेच्या आणि विधींच्या वस्तू. केस, कापड, शिंपले, खिळे यांच्यात शक्ती साठवणाऱ्या.

या चार गोष्टींमधली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कॉर्नेलच्या पेट्यांत स्मृती आहेत. आफ्रिकेतल्या वस्तू मात्र काहीतरी करण्यासाठी आहेत: राखण करायला, बरं करायला, शाप द्यायला. बेट्टीबाईंनी दोन्ही एकत्र केलं. त्यांच्या पेट्या बघताना देव्हारा आठवतो तो उगीच नाही.

१९७२

साठीच्या दशकातच त्या जुन्या बाजारांमधून काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या वस्तू विकत घेऊ लागल्या होत्या. इतर लोक अशा वस्तू दिसल्या की तोंड फिरवायचे, आणि ते साहजिकही होतं. बाईंनी त्या घरी आणल्या आणि साठवल्या.

१९७२ साली बर्कलीतल्या ‘रेनबो साइन’ या काळ्यांच्या सांस्कृतिक केंद्राने काळ्या वीरांवर प्रदर्शन ठरवलं. (हे केंद्र मेरी अ‍ॅन पोलर यांनी काढलेलं. श्यामला गोपालन नावाची एक तमिळ शास्त्रज्ञ आपल्या दोन मुलींना तिथे घेऊन जायची. त्यातली थोरली कमला हॅरिस.) वीर म्हटल्यावर कुणालाही नेते आठवतील, योद्धे आठवतील. बेट्टीबाईंनी विचार केला की वीर कशाला, वीरांगना घेऊ. आणि वीरांगना म्हणून निवडली कोण? पिठाच्या डब्यावरची मोलकरीण.

बंदूक कुठून आली हेही बघा. बर्कलीच्या शेजारच्याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी सुरू झाली होती. मे १९६७ मध्ये हे पँथर उघड्यावर बंदुका घेऊन थेट राज्याच्या विधानभवनात शिरले होते. त्यामुळे १९७२ साली बर्कलीत कुणाही काळ्या व्यक्तिरेखेच्या हातात बंदूक दिसली, तर बघणाऱ्याला संदर्भ सांगायची गरज नव्हती. पण पँथरचं पोस्टर म्हटलं की काळं जाकीट आणि काळी टोपी घातलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. इथे बंदूक होती झाडूवाल्या बाईच्या हातात. आणि बाईंनी झाडू काढून घेतला नाही! तो तसाच ठेवला. मला वाटतं या पेटीतली सगळी ताकद त्या झाडूत आहे. झाडू काढला असता तर ती कुणीतरी नवीच बाई झाली असती. झाडू ठेवल्यामुळे ती तीच राहिली, जिला दोनशे वर्षं राबवली, आणि तरीही ती आता तीच नाही. अँजेला डेव्हिस यांनी पुढे एका भाषणात काळ्या स्त्रियांच्या चळवळीची सुरुवात या कलाकृतीपाशी झाल्याचं म्हटलं होतं.

आता मराठी वाचकाला १९७२ म्हटल्यावर काय आठवतं? दलित पँथर! नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी मुंबईत पँथर काढली ती याच वर्षी, आणि नाव घेतलं थेट ओकलंडच्या त्या पँथरवरून. ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा. या मंडळींना बेट्टी सार माहीत होत्या असं मी म्हणत नाहीये. पण वारा एकच होता. आणि तो धागा जुना आहे. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. आंबेडकरांनी १९४६ साली ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. पद्धतही बघा किती सारखी आहे. शिष्ट साहित्याने ज्या वस्तीकडे, ज्या शब्दांकडे नाक मुरडलं, तेच ढसाळांनी उचलून कवितेत आणले. त्यांना धुऊनपुसून घेतलं नाही.

इस्त्रीचं टेबल

बंदूकवाल्या मावशींमुळे बेट्टीबाईंचं बाकीचं काम झाकलं जातं, म्हणून दोन नमुने सांगतो.

१९६९ चं ‘ब्लॅक गर्ल्स विंडो’. एक जुनी लाकडी खिडकी. वर नऊ छोटे कप्पे, त्यात चंद्र-तारे, सिंह, कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगणाऱ्या भोंदू शास्त्राचा तक्ता, मधोमध सांगाडा, आणि एका गोऱ्या बाईचा जुना फोटो, घराण्यातल्या आयरिश रक्ताची खूण म्हणून. खाली मोठ्या काचेला दोन्ही तळवे टेकवून उभी असलेली एक काळी मुलगी, फक्त सावलीसारखी. ती आतून बाहेर बघतेय की बाहेरून आत, सांगता येत नाही. हे काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

दुसरं १९९८ चं. एक जुनं इस्त्रीचं टेबल, त्यावर साखळीने बांधलेली इस्त्री. टेबलाच्या पृष्ठभागावर छापलाय ‘ब्रूक्स’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजाचा प्रसिद्ध आराखडा. गुलामगिरीविरोधकांनी १७८८ च्या सुमारास प्रसिद्ध केलेला, माणसं कशी खेटून खेटून झोपवली जात ते दाखवणारा. टेबलाचा आकार आणि जहाजाचा आकार बरोब्बर जुळतो! मागे दोरीवर एक पांढरीशुभ्र चादर वाळत घातलीये. जवळ जाऊन बघितलं की कोपऱ्यात भरतकाम दिसतं, तीन अक्षरं, केकेके. म्हणजे कू क्लक्स क्लान. जी चादर पांघरून ते रात्री काळ्यांना मारायला जायचे, ती सकाळी धुऊन इस्त्री कोण करत होतं? बाईंनी यात एकही वाक्य लिहिलेलं नाही. टेबल, इस्त्री, चादर. एवढ्यात तीनशे वर्षं येतात.

मग वाद कुठे झाला?

१९९४ च्या सुमारास कारा वॉकर नावाची तरुण काळी चित्रकार पुढे आली. काळ्या कागदातून कापलेल्या मोठमोठ्या छायाकृती, विषय गुलामगिरीचे मळे, आणि त्यात हिंसा आणि लैंगिकता इतकी उघडी की बघणारा चरकतो. १९९७ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा ती तिशीचीही नव्हती. आणि बेट्टीबाई खवळल्या. त्यांनी कलाक्षेत्रातल्या लोकांना पत्रं पाठवून विचारलं, की ही चित्रं नेमकी कुणाच्या करमणुकीसाठी आहेत? १९९९ साली डेट्रॉइटच्या संग्रहालयाने वॉकरचं एक चित्र प्रदर्शनातून काढूनही घेतलं.

आता गंमत बघा. जिने स्वतः टिंगलीच्या बाहुल्या कलेत आणल्या तीच म्हणते तू आणू नकोस? वरवर पाहता हा दुटप्पीपणा वाटतो. पण बेट्टीबाईंचा मुद्दा वेगळा होता. मी बाहुलीच्या हातात बंदूक दिली, तू काय दिलंस? अपमानाची प्रतिमा उचलायची तर तिला सोडवण्यासाठी उचलावी, नुसतं दाखवण्यासाठी नव्हे. वॉकरच्या बाजूने म्हणणारे म्हणत, की वीरांगना करून टाकलं की जखम लवकर झाकली जाते. काही गोष्टींना सुटका नसते, आणि त्या तशाच दाखवणं हाही प्रामाणिकपणाच.

मला यात बेट्टीबाईंचा प्रश्न बरोबर वाटतो आणि त्यांची मोहीम चूक. कुणासाठी, हे प्रत्येक कलावंताला विचारायलाच हवं. पण त्याचं उत्तर आधीच ठरवून दुसऱ्याचं चित्र भिंतीवरून उतरवायला लावणं, हे त्यांच्या स्वतःच्याच कामाविरुद्ध जातं. शेवटी त्या बाहुल्याही कुणीतरी कचऱ्यात टाकू दिल्या असत्या तर ही पेटी झालीच नसती.

डबा बदलला

एवढं सगळं होऊन पिठाचा डबा दुकानात होताच. १९८९ साली कंपनीने मावशींचं डोक्याचं फडकं काढलं, कानात मोती घातले. आमच्या धंद्यात याला यूआय रिफ्रेश म्हणतात, बॅकएंड तोच :) जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका रस्त्यावर उतरली, तेव्हा कंपनीने हे नाव बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये डब्यावर ‘पर्ल मिलिंग कंपनी’ आलं, म्हणजे १८८९ च्या त्या मूळ गिरणीचं नाव. बेट्टीबाईंच्या पेटीनंतर तब्बल ४९ वर्षांनी!

यावर सगळेच खूश झाले असं नाही. पूर्वी मावशींची भूमिका केलेल्या लिलियन रिचर्ड यांच्या नातेवाइकांनी म्हटलं, की आमच्या घरच्या बाईंनी त्या काळात कष्टाने मिळवलेलं काम तुम्ही एका फटक्यात पुसताय. हा आक्षेप सोपा नाही. चेहरा अपमानाचा होता, पण त्यामागे राबणाऱ्या बायका खऱ्या होत्या. डबा बदलल्यावर चेहरा जातो, आणि त्याबरोबर त्या बायकाही जातात.

म्हणूनच २०२० सालची दुसरी, कमी गाजलेली घटना मला जास्त मोलाची वाटते. शिकागोतल्या ब्रॉन्झव्हिल हिस्टॉरिकल सोसायटीच्या शेरी विल्यम्स यांनी बरीच वर्षं खटपट करून नॅन्सी ग्रीन यांची ओक वूड्स दफनभूमीतली बिननावाची जागा शोधली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे दगड बसला. त्यावर नाव आहे. आंट जेमायमा नव्हे, नॅन्सी ग्रीन.

बेट्टी सार नव्वदी उलटल्यावरही थांबल्या नाहीत. २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडच्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांची प्रदर्शनं भरवली आणि २०२३ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन संस्थेत एका जुन्या सतरा फुटी होडीभोवती नवीन मांडणी केली. वस्तू अर्थातच जुन्या, गोळा केलेल्या.

वारसा म्हटलं की आपल्याला किल्ले, पैठणी, पितळी भांडी आठवतात. जे मिरवता येतं ते. बेट्टीबाईंनी जे मिरवता येत नाही तेही वारशात धरलं, घरी आणून ठेवलं, आणि त्याला बोलतं केलं. आपल्याकडच्या माळ्यावर असं काय काय पडलंय याची यादी ज्याची त्याने करावी.

आणि हो, ती फोनबुक. उद्या सोमवार, मावशी येतीलच. नाव-आडनाव विचारून घ्या.